दडपलेली मोटार, दडपलेले विमान

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात खराडीतल्या एका शाळेत विजेच्या वाहनांविषयी बोलायला गेलो होतो. फाटकाजवळ शिक्षकांच्या दुचाकी ओळीने उभ्या होत्या. काही पेट्रोलच्या, काही बॅटरीच्या. पण प्रत्येकीच्या हँडलला वाळलेली झेंडूची माळ होतीच. बोलणे संपल्यावर विज्ञानाच्या एका बाईंनी विचारले, "सर, विजेची मोटार सव्वाशे वर्षांपूर्वीच होती म्हणता. मग तेल कंपन्यांनी ती दडपली, हे खरं ना?" पाठोपाठ संस्कृत शिकवणारे एक ज्येष्ठ गुरुजी उठले. "आणि तळपद्यांचं विमान इंग्रजांनी दडपलं, त्याचं काय?"

पहिल्या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर दिले. दुसऱ्याला हसलो. ते माझे चुकले, कारण दोन्ही प्रश्नांचा सांगाडा एकच आहे. एक चांगली वस्तू होती, ती नाहीशी झाली आणि त्यात कोणा बलवानाचा फायदा झाला. अशी शंका येणे हा काही वेडेपणा नव्हे. विज्ञानाच्या दृष्टीने ते एक गृहीतक आहे, आणि गृहीतक तपासायचे असते.

आधी मोटार घेऊ. १९०० साली अमेरिकेत ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १६८१ वाफेच्या, १५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तोही विजेच्या गाडीने, १८९९ साली फ्रान्समध्ये. मग ती हरली कशी? एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे १२ किलोवॉट-तास उष्णता मिळते. इंजिनाने त्यातली चार पंचमांश वाया घालवली तरी अडीच-एक उरतेच. एक किलो शिशाच्या बॅटरीत मावतात जेमतेम ०.०३ किलोवॉट-तास. म्हणजे ऐंशीपट फरक! त्यात १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल फिरवून मनगट मोडून घेण्याची भीतीही संपली. जिथे वीज बरोबर वाहून न्यावी लागत नव्हती, तारेतून मिळत होती, तिथे मात्र ती जिंकली. १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन बोरघाट चढली ती विजेवरच.

"पण सर, अमेरिकेत खटला झाला होता ना?" झाला होता. नॅशनल सिटी लाइन्स ही कंपनी गावोगावच्या ट्राम कंपन्या विकत घेऊन तिथे बस आणत होती, आणि तिच्यात जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि तेल कंपन्यांचा पैसा होता. १९४९ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. या बसकंपन्यांना बस, इंधन आणि टायर विकण्याची मक्तेदारी मिळवण्याचा कट त्यांनी केला, असा तो निकाल होता. शहरांची वाहतूकच ताब्यात घेण्याच्या दुसऱ्या आरोपातून मात्र ते सुटले. तेव्हा कट होतात, हे मान्य. प्रश्न एवढाच की ट्राम त्या कटामुळे गेली का?

प्रयोगशाळेत आपण काय करतो? संशयित घटक काढून टाकतो आणि परिणाम तरीही दिसतो का ते पाहतो. इतिहासाने हा प्रयोग आपल्यासाठी मुंबईत करून ठेवला आहे. तिथे विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. ती चालवणाऱ्या कंपनीचे नावच बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. म्हणजे तीच वीज विकणारी. १९२६ साली बसही तिनेच आणली. १९४७ साली ती महापालिकेकडे गेली, तिची आजची 'बेस्ट' झाली. ट्राम बंद करण्यात बेस्टला तेल विकायचे नव्हते, उलट तेल विकत घ्यावे लागणार होते. तरीही १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला आणि ३१ मार्च १९६४ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली. रस्ते अरुंद, मोटारी वाढलेल्या, रूळ जुने, आणि शहर उपनगरांत पसरलेले, जिथे रूळ पोचलेच नव्हते. लंडन (१९५२) आणि ग्लासगो (१९६२) इथेही सार्वजनिक मालकीच्याच ट्राम बंद झाल्या. आरोपी हजर नसतानाही गुन्हा घडला, तर मुख्य कारण दुसरीकडे शोधायला हवे.

आता विमान. गोष्ट अशी सांगतात की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर वेदांच्या आधारे विमान उडवले, त्यात पाऱ्याचे आयन इंजिन होते आणि इंग्रजांनी ते दडपले. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्येही 'वैमानिकशास्त्रा'तल्या विमानांवर भाषण झाले. इंग्रज दडपत नव्हते असे नाही. १८९७ साली लेखांसाठी टिळकांना त्यांनी तुरुंगात टाकले. म्हणून आरोपीचा स्वभाव बाजूला ठेवून वस्तूच तपासू.

पाऱ्याची आयन इंजिने खरोखर असतात. १९७० साली नासाच्या 'सर्ट-२' यानावर ती बसवली होती. सुमारे एक किलोवॉट वीज खाऊन एक इंजिन २८ मिलिन्यूटन रेटा देई, तोही निर्वातात. हे जेमतेम तीन ग्रॅमचे वजन झाले! पुढचे गणित विद्यार्थ्यांना करायला द्यावे. १०० किलोंचे यंत्र, माणसाशिवाय, उचलायला अशी ३५ हजार इंजिने आणि ३५ हजार किलोवॉट वीज लागेल. मुंबईची ट्राम चालवण्यासाठी वाडीबंदरला १९०५ साली उभारलेल्या वीजकेंद्राची क्षमता ४३०० किलोवॉट होती. राइट बंधू १९०३ साली उडाले ते पेट्रोलच्या १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर.

त्या दिवशी गुरुजी म्हणाले होते, "हा श्रद्धेचा प्रश्न आहे." मला फाटकाजवळच्या माळा आठवल्या. माझ्याही स्कूटरला एक होती. ती माळ घालताना मी इंजिनाविषयी काहीच दावा करत नाही, त्यामुळे माळेला कोणाच्या कटाचा आधार लागत नाही. चौपाटीवर अमुक साली अमुक फूट उडाले, हा मात्र दावा आहे. तो श्रद्धेच्या गाठोड्यात बांधला की उद्या दावा पडताना श्रद्धाही पडेल अशी भीती वाटते, आणि मग दावा वाचवायला दडपणारा कोणीतरी लागतो.

हे मी गुरुजींना बोललो नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा खराडीला गेलो तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. मुकुंद आणि सहकाऱ्यांचा १९७४ सालचा निबंध त्यांना नेऊन दिला. त्यांनी 'वैमानिकशास्त्र' तपासून म्हटले होते की ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत. गुरुजींनी आकृत्या भराभर उलटल्या, वायुगतिशास्त्राच्या समीकरणांकडे पाहिलेही नाही. संस्कृताविषयीच्या मजकुराशी मात्र थांबले. चष्मा पुसला, पुन्हा वाचले.

"सगळं अनुष्टुभात आहे," ते म्हणाले. "वैदिक रूपं कुठंच नाहीत. ही भाषा वेदांची नव्हे हो. माझी दहावीची मुलंसुद्धा अर्थ लावतील." मग निबंध घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "ते पाऱ्याचं गणित तेवढं परत एकदा सांगा. सावकाश."