सोलापूरच्या बोलींचे व्याकरण : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

'येतो म्हणून सांगितलं' हे साधे मराठी वाक्य. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात तेच 'वस्तान् अनि चेप्पाडु' होते, अक्कलकोटकडच्या कानडी घरात 'बर्तीनि अंत हेळिदा', आणि दखनी बोलणाऱ्या घरात 'आतूं बोलके बोल्या'. चारही वाक्यांत दुसऱ्याचे बोलणे आधी येते, त्याला लागून 'म्हणणे' किंवा 'बोलणे' या क्रियापदापासून घडलेला एक लहानसा शब्द येतो आणि मुख्य क्रियापद सर्वांत शेवटी. उत्तरेकडच्या उर्दूत इथे 'कि' येतो आणि सांगितलेली गोष्ट त्याच्यामागून. मराठीत 'की' आहेच, पण बोलता बोलता 'म्हणून' अधिक सहज तोंडी येते. दखनी मूळची उत्तरेची असूनही तिने या बाबतीत दक्षिणेची ठेवण घेतली आहे. शब्द आपापले राहिले आणि वाक्याची बांधणी एक झाली.

दुसरे उदाहरण तर रोजचे आहे. 'काय करायलास?' हे सोलापूर-मराठवाड्याचे बोलणे पुण्यात अशुद्ध ठरते. पण त्यामागच्या 'करायला लागलोय' या रचनेशेजारी उत्तर कर्नाटकातली 'माडाक हत्तेनि' ही कानडी रचना ठेवून पाहा. 'हत्तु' म्हणजे लागणे, चिकटणे. चालू क्रिया दाखवायला दोन्ही भाषांनी एकाच अर्थाचे क्रियापद कामाला लावले आहे. कोणी कोणाचे घेतले याचा निकाल मात्र घाईने देऊ नये. दोन्ही बाजूंच्या गावोगावच्या नोंदी हाती आल्याशिवाय तो देताच येणार नाही.

या सरमिसळीला हजार वर्षांचा इतिहास आहे. भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथील मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा. त्यानंतरच्या शतकात याच परिसरात सिद्धरामेश्वरांनी कानडीत वचने रचली. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, १८७७ मध्ये जुनी मिल उभी राहिली आणि माग व गिरणी यांच्याभोवती तेलुगू रुजली. जवळच्याच सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावी गम्पर्झ आणि विल्सन या संशोधकांनी मराठी, कानडी व उर्दू या भाषांचा असाच शेजार तपासला. त्यांचा १९७१ चा निबंध जगभर भाषासंपर्काच्या अभ्यासक्रमात वाचला जातो. सोलापूरवर तितके बारकाईचे काम व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पण सोलापूरच्या या चार भाषांच्या पाठीशी निदान लिपी आहे, शाळा आहेत, ग्रंथ आहेत. कैकाडी आणि पारधी या जमातींच्या बोलींच्या वाट्याला दुसरेच काही आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक जमातींना तारेच्या कुंपणात डांबले गेले. सोलापुरातल्या अशा वस्तीला आजही सेटलमेंटच म्हणतात. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी एम. केनेडी यांच्या १९०८ च्या पुस्तकात या जमातींच्या बोलण्याच्या लकबी नोंदवल्या आहेत, त्या माणूस ओळखून पकडता यावा म्हणून. एखाद्या भाषेची नोंद याहून वाईट हेतूने होणे कठीण. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात कैकाडी तमिळच्या कुळात बसवली गेली आणि पारधी वेगळ्या खंडात, भिली गटात. एकाच वस्तीत राहणाऱ्या दोन जमातींच्या भाषांत द्राविडी आणि आर्य असे अंतर आहे! त्यांना सरसकट 'चोरभाषा' म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडे कान दिलाच नव्हता.

लहान भाषेचा अभ्यास काय करू शकतो हे पाहायचे तर उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडे जावे. तिथल्या सॅलिश कुळात तेवीस भाषा. त्यांतल्या नुहॉक भाषेत स्वर नसलेले शब्दही आहेत. १९८३ मध्ये डेल किंकेड यांनी सॅलिशच्या आधारे असे मांडले की नाम आणि क्रियापद हा भेद सर्व भाषांत असतोच असे नाही. तीन वर्षांनी व्हॅन आइक आणि हेस यांनी त्याच कुळातल्या दोन भाषांतील स्वामित्वदर्शक प्रत्यय पुढे करून तो भेद तिथेही असल्याचे दाखवले. व्याकरणाच्या पायाभूत कल्पनांवरचा हा वाद मोजक्या लोकांच्या तोंडी असलेल्या भाषांवर लढला गेला. सॅलिश अभ्यासकांची परिषद १९६६ पासून दरवर्षी भरते आणि त्या भाषा बोलणाऱ्या समाजांतले लोकही त्यात निबंध वाचतात.

आपल्याकडे हे अशक्य नाही. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने महाराष्ट्राचा खंड काढून वाट दाखवली आहे. या क्षेत्रात येणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. शब्दांच्या याद्या करत बसू नका, सलग गोष्ट ऐका. म्हातारी माणसे लग्नाची, भांडणाची, प्रवासाची हकीकत सांगतात तेव्हा जे प्रत्यय कानी पडतात, ते 'याला काय म्हणता?' विचारून मिळत नाहीत. परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करू नका, आणि केलेले त्या घरी पोचवा. या जमातींना पोलिसांच्या वह्यांचा अनुभव आहे, त्यामुळे वही पाहून कोणी गप्प झाले तर त्यामागचा राग समजून घ्या.

आणि तुम्ही स्वतः कैकाडी किंवा पारधी घरातले असाल, तर या कामाचा पहिला मान तुमचा आहे. बाहेरच्याला जे शिकायला वर्षे लागतील, ते तुमच्या कानात आधीच आहे. आजीपासून सुरुवात करा.