मांजराच्या मिशीपासून मधुमेहींच्या पायापर्यंत

केस कापताना दुखत नाही, पण उपटला की डोळ्यांत पाणी येते. असे का?

प्राण्याचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, आत केराटिन या प्रथिनाचे तंतू आणि बऱ्याचदा मधोमध सच्छिद्र गाभा दिसतो. या पेशी मृत असतात. त्यांत मज्जातंतू नसतो. स्पर्श कळतो तो त्वचेतल्या मुळाशी. मांजराच्या मिशीच्या मुळाभोवती तर रक्ताने भरलेली पोकळी आणि मज्जातंतूंचे दाट जाळे असते. मिशी किंचित हलली तरी मुळाला खबर पोहोचते. त्या मुळाशी असणाऱ्या स्पर्शपेशींचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख मेर्केल यांनी १८७५ मध्ये केले. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

पुढे १८९०च्या दशकात माक्स फॉन फ्राय यांनी केसालाच मोजमापाचे साधन बनवले. वेगवेगळ्या जाडीचे केस काडीला चिकटवून ते त्वचेवर टेकवत. प्रत्येक केस ठरावीक दाबाला वाकतो, त्यामुळे किती हलका स्पर्श कळतो ते मोजता येते.

केसाच्या जागी नंतर नायलॉनचा धागा आला. मधुमेही रुग्णांच्या तळपायाला आम्ही जो १० ग्रॅमचा धागा टेकवतो, तो हाच. तो टेकल्याचे कळले नाही, तर चप्पल चावलेलीही कळणार नाही आणि जखम चिघळेल. म्हणून मधुमेह असेल तर पाय दुखत नसले तरी वर्षातून एकदा ही तपासणी जरूर करून घ्या.