मोतीबिंदु : एका गैरसमजाचा इतिहास

मोतीबिंदूवरील शस्त्रक्रिया जगांत दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालू होती. तिच्यायोगें अनेकांस पुन्हा दिसूंहि लागे. परंतु आपण सुईनें डोळ्यांत नेमकें काय बाजूला सारतों, हें मात्र शस्त्रवैद्यांस ठाऊक नव्हतें. वैद्यकाच्या इतिहासांत इतकी चमत्कारिक गोष्ट क्वचितच आढळेल.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत ही क्रिया सविस्तर वर्णिली आहे. रोग्यास बसवून नाकाकडे दृष्टि लावावयास सांगावें. जवाच्या टोकासारखें अग्र असलेली शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागांतून, कानाकडील बाजूनें, आंत घालावी. डावा डोळा उजव्या हातानें व उजवा डाव्या हातानें वेधावा. वेध बरोबर साधला म्हणजे सूक्ष्म आवाज होऊन पाण्याचा थेंब येतो. मग स्त्रीच्या दुधानें डोळा शिंपावा. पुढें रोग्यानें उताणें निजून राहावें, आणि ढेंकर, खोकला, शिंक, थुंकणें हीं सर्व आवरावीं. या पथ्यामागें बारीक निरीक्षण असलें पाहिजे. कारण असल्या धक्क्यानें सरकविलेलें पटल पुन्हा वर येण्याची भीति असते. पण तें पटल कशाचें? ग्रंथाचें उत्तर असें कीं, कफाचें.

ग्रीक व अरब वैद्यांची समजूत याहून फार निराळी नव्हती. मस्तकांतून एक द्रव उतरतो आणि बाहुली व तिच्या मागील पारदर्शक भिंग यांच्यामधील जागेंत तो थिजून पडदा बनतो, असें ते मानीत. युरोपांत रूढ झालेल्या ‘कॅटॅरॅक्ट’ या शब्दाचा दुसरा अर्थ धबधबा हा आहे. अरबी नांवाचा अर्थहि ‘पाणी उतरणें’ असाच.

हा समज इतका टिकला कसा? त्या वैद्यांना अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. गेलेनच्या शिकवणीप्रमाणें भिंग हेंच दृष्टीचें मुख्य आसन. तेव्हां सुईनें भिंगच खालीं पाडलें, तर मनुष्य कायमचा आंधळा व्हावा. तो तर पाहूं लागतो. म्हणून पडलें तें भिंग नव्हे! तर्क निर्दोष, परंतु गृहीत चुकीचें. वस्तुतः प्रतिमा डोळ्याच्या मागील पडद्यावर उमटते, हें केप्लरनें १६०४ सालींच दाखविलें होतें. पण ज्योतिर्विदाचा ग्रंथ शस्त्रवैद्यानें कशाला उघडावा? मधल्या काळांत एकदोघांनीं खरी गोष्ट सांगितली, तीहि कोणी मनावर घेतली नाहीं.

१७०५ च्या एप्रिलांत तूर्ने येथें पिएर ब्रिसो या वैद्यास, मोतीबिंदु पिकलेल्या एका मृत सैनिकाचा डोळा तपासावयास मिळाला. त्यानें प्रथम त्या डोळ्यावर नेहमींची सुईची क्रिया केली आणि मग तो चिरून पाहिला. खालीं गेलें होतें तें प्रत्यक्ष भिंगच, आणि तें गढूळ झालेलें होतें. पडदा म्हणून जो मानीत, त्याचा पत्ताच नव्हता. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें हें मत प्रथम झिडकारलें. पुढें १७०७ त आंत्वान मेत्र-जां यानें स्वतंत्रपणें तेंच प्रतिपादिलें, आणि मग अकादमीस माघार घ्यावी लागली.

भिंगच गढूळ होतें असें ठरल्यावर तें डोळ्यांत लोटून ठेवण्यापेक्षां बाहेर कां काढूं नये, हा प्रश्न उघड होता. तरी त्याचें उत्तर मिळण्यास चाळीस वर्षें लागलीं. १७४७ सालीं झाक दाविएल या फ्रेंच शस्त्रवैद्याच्या हातून सुईची क्रिया साधेना, तेव्हां त्यानें बुबुळावरील पारदर्शक आवरण खालच्या बाजूनें चिरून भिंग बाहेर काढलें. शंभराहून अधिक रोग्यांचा अनुभव घेऊन १७५२ त त्यानें ही रीत विद्वानांपुढें मांडली. मधल्याच काळांत, १७५० च्या वसंतांत, लाइप्सिक येथें थोर संगीतकार बाख याच्या डोळ्यांवर जॉन टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्यानें दोन वेळां शस्त्र चालविलें. टेलर सुईच्या रीतीचा. बाखची दृष्टि गेली, आणि त्याच २८ जुलैस तो वारला. टेलर राजाचा नेत्रवैद्य म्हणून मिरवीत असे. विद्येपेक्षां जाहिरातच त्याची मोठी!

दाविएलच्या रोग्यांना हें सर्व जागेपणीं, वेदना सोसून करून घ्यावें लागे. डोळा बधिर करण्यासाठीं कोकेनचा उपयोग कार्ल कोलर यानें दाखविला तो १८८४ त. शिवाय भिंग काढलेल्या डोळ्यास जाड कांचेचा चष्मा जन्माचा चिकटे. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत हॅरल्ड रिडली यानें काढलेल्या भिंगाच्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्यास आरंभ केला. युद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे तुकडे डोळा सहन करतो, हें त्यानें पाहिलें होतें. समव्यवसायी मंडळींतील बड्यांनीं त्यास कडाडून विरोध केला, आणि तो कित्येक वर्षें चालला. म्हातारपणीं रिडलीच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत, त्याच रुग्णालयांत, तसलींच भिंगें बसविण्यांत आलीं.