स्थूलचर्म

एखाद्या निबर मनुष्यास उद्देशून ‘याची कातडी गेंड्याची आहे’ असें आपण सहज म्हणून जातों. जाड कातडी म्हणजे बोथट मन, हें समीकरण इतकें पक्कें बसलें आहे कीं, त्याची चौकशी करावी असें कोणास वाटत नाहीं. युरोपांतील एका शास्त्रीय शब्दाच्याहि नशिबीं हेंच आलें. तो शब्द म्हणजे ‘पॅकिडर्म’.

ग्रीक भाषेंत ‘पाखिस’ म्हणजे जाड व ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. म्हणून पॅकिडर्म म्हणजे स्थूलचर्म. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यानें या नांवाचा सस्तन प्राण्यांचा एक गणच मानला. त्यांत हत्ती, गेंडा, पाणघोडा व डुक्कर हे तर होतेच. पण १८१७ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें घोड्यासहि तेथेंच बसविलें. माशी बसतांच अंग थरथरविणारा घोडा स्थूलचर्म कसा, असें वाचक विचारतील. खरें पाहतां गणाची कसोटी कातडी नव्हतीच. खूर आहेत पण रवंथ नाहीं, एवढेंच या मंडळीचें साम्य. नांव पडलें कातडीवरून आणि गोतावळा जमला एका उणिवेवरून!

असें एकत्र कुटुंब टिकणें कठीण. १८४८ सालीं इंग्लंडांत रिचर्ड ओवेन यानें पायांचीं बोटें मोजून समखुरी व विषमखुरी असे दोन गण केले. डुक्कर व पाणघोडा एकीकडे गेले, गेंडा व घोडा दुसरीकडे. हत्ती निराळा राहिला. आणि आज आनुवंशिक पुराव्यानें त्याचे जवळचे आप्त ठरले आहेत ते समुद्रगाय आणि सशाएवढा हायरॅक्स. पाणघोड्याचा नातलग तर देवमासा निघाला! गण मोडला; शब्द मात्र लोकांच्या तोंडीं राहिला.

त्या शब्दामागच्या समजुतींत तरी कितपत तथ्य आहे? हत्तीची कातडी कांहीं ठिकाणीं इंचभर जाड असते, हें खरें. परंतु माहूत त्यास वळवितो तो कानामागें पायाच्या बोटांनीं दाबूनच. ऊन व कीटक यांपासून अंग राखण्यासाठीं हत्ती चिखल माखून घेतो. ज्यास कांहीं लागतच नाहीं, त्यास हा खटाटोप कशाला?

क्युव्हिए हा हाडांचा मोठा पारखी. पण नांव देतांना तोहि कातडीपाशींच थांबला. माणसांस नांवें ठेवतांना आपण तरी त्याहून खोल जातों काय?