इंजिनियर फझलुर रहमान खान व त्यांची लोकसेवा

ज्याच्या अंगीं विद्या आहे त्यानें आपल्या धंद्यांत नांव मिळविलें म्हणजे त्याचें कर्तव्य संपलें काय? हा प्रश्न फार जुना आहे. व्यवसायी गृहस्थांच्या सेवामंडळांत अग्रगण्य असलेल्या रोटरी मंडळाची पहिली बैठक 23 फेब्रुवारी 1905 रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं भरली. पॉल हॅरिस या वकिलांनीं जमविलेल्या त्या चौघांत एक खाणींचे इंजिनियर होते. त्याच शहरांत 66 वर्षांनीं दुसऱ्या एका इंजिनियरांनीं आपल्या देशबांधवांसाठीं निराळें सेवामंडळ उभारलें. त्यांचें चरित्र आम्हांस बोधप्रद वाटतें, म्हणून तें येथें थोडक्यांत सांगतों.

फझलुर रहमान खान यांचा जन्म 3 एप्रिल 1929 रोजीं ढाका येथें झाला. वडील गणिताचे अध्यापक होते. फझलुर कलकत्त्याजवळ शिबपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकत असतां 1950 सालीं दंगली उसळल्या, व त्यांस ढाक्यास परतून तेथेंच पदवी पुरी करावी लागली. 1952 सालीं शिष्यवृत्ति मिळवून ते अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत गेले. तेथें तीन वर्षांत त्यांनीं दोन एम. एस. पदव्या व डॉक्टरेट संपादन केली, आणि 1955 सालीं शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या पेढींत ते रुजू झाले.

उंच इमारतीचा मोठा वैरी म्हणजे वारा. जुन्या पद्धतींत इमारतीच्या आंतबाहेर खांब व तुळया यांचा सांगाडा असे. मजले वाढले कीं वाऱ्याचा जोर सोसण्यासाठीं पोलादाचा खर्च भरमसाट वाढे. खानसाहेबांनीं बाहेरच्या कडेस जवळजवळ खांब उभे केले व प्रत्येक मजल्यावर ते भक्कम तुळयांनीं जोडून घेतले. त्यामुळें सारी इमारत एखाद्या पोकळ नळीप्रमाणें एकजीव होऊन वाऱ्यास तोंड देऊं लागली. 43 मजल्यांची ड्यूविट-चेस्टनट इमारत हा या पद्धतीचा पहिला नमुना. पुढें 1969 सालीं पुऱ्या झालेल्या 100 मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या चारी अंगांवर त्यांनीं फुलीच्या आकाराच्या तिरप्या तुळया घातल्या. 1931 सालच्या एंपायर स्टेट इमारतीस दर चौरस मीटरास सुमारें 206 किलो पोलाद लागलें होतें. हॅनकॉकला सुमारें 145 किलो पुरलें. 442 मीटर उंचीचा, 110 मजली सिअर्स टॉवर 1973 सालीं शिखरास पोहोंचला. जगांतील सर्वांत उंच इमारत हा त्याचा मान 1998 पर्यंत टिकला, आणि 2009 पासून त्यास विलिस टॉवर म्हणतात.

खानसाहेब 1967 सालीं अमेरिकेचे नागरिक झाले होते. मान, पैसा, घरदार सर्व कांहीं होतें. अशांत 25 मार्च 1971 च्या रात्रीं पाकिस्तानी सैन्यानें ढाक्यावर हत्यार चालविलें. पुढील महिन्यांत सुमारें एक कोट निर्वासित भारतांत आले. अमेरिकेचें सरकार तर पाकिस्तानच्या बाजूचें होतें. ज्या राज्याचे आपण नागरिक त्याच्या धोरणाविरुद्ध उभें राहणें परक्या देशांतून आलेल्या मनुष्यास सोपें नसतें. सिअर्स टॉवरचें काम ऐन भरांत असतां गप्प बसण्यास सबबही तयार होती.

ती सबब त्यांनीं पुढें केली नाहीं. शिकागोंतील बंगाली मंडळी एकत्र करून त्यांनीं संकटग्रस्तांच्या साह्यासाठीं ‘बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील’ ही संस्था काढली. अमेरिकेंतील लोकमत व राज्यकर्ते यांचीं मनें वळविण्यासाठीं ‘बांगलादेश डिफेन्स लीग’ स्थापन झाली. तिचेंही पुढारीपण त्यांनीं केलें. 16 डिसेंबर 1971 रोजीं ढाका मुक्त झालें. हा विजय अर्थातच असंख्यांच्या बलिदानाचा. परंतु दूर देशीं राहिलेल्यांनींही आपला वाटा उचलला, यांत शंका नाहीं.

पुढें जेद्दा येथील हज यात्रेकरूंच्या विमानतळासाठीं 210 तंबूंचें विशाल छत उभारण्याच्या कामांत त्यांनीं बुद्धि वेंचली. 1981 सालीं तें सुरू झालें. त्याच जेद्दा शहरीं 27 मार्च 1982 रोजीं हृदयविकारानें वयाच्या 52 व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. त्यांस शिकागोंतच मूठमाती देण्यांत आली. 1999 सालीं बांगलादेशानें आपला स्वाधीनता पुरस्कार त्यांस मरणोत्तर अर्पण केला.

सिअर्स टॉवरच्या रचनेंतील एक गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तो टॉवर म्हणजे एकमेकींस जखडलेल्या नऊ चौकोनी नळ्यांची मोळी आहे. त्यांपैकीं दोन 50 व्या, दोन 66 व्या व तीन 90 व्या मजल्यावर थांबतात; शिखरास दोनच जातात. पण खालीं थांबलेल्या सात नसत्या, तर वरच्या दोहोंचा टिकाव लागला नसता. संस्थेचेंही तसेंच आहे. नांव पुढाऱ्याचें होतें, भार मात्र सर्वांनीं मिळून वाहिलेला असतो. आणि हें ओळखणाराच खरा पुढारी.

आमच्यांतील पुष्कळ तरुण आज शिकूनसवरून परदेशीं जातात, याचा आम्हांस आनंद आहे. त्यांनीं उंच जावें. पण गांवावर संकट आलें असतां कामाची सबब पुढें करूं नये, इतकेंच आमचें मागणें आहे.