फुकट आणि मुक्त

२०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या संगणकावर एक सूचना वारंवार येऊ लागली. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपत आहे, नवी आवृत्ती घ्या. नवी आवृत्ती घ्यायला गेलो तर कळलं, आमचा संगणक तिला चालत नाही! दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, हा आता भंगारात द्या. नवीन घ्या." आता हा संगणक ना कधी अडला, ना कधी बंद पडला. चालत्या वस्तूला कुणीतरी दूर बसून मुदत घालून द्यावी आणि आपण मान डोलवावी, हे काही मनाला पटेना.

माझा एक जुना विद्यार्थी या क्षेत्रात आहे. तो म्हणाला, "सर, लिनक्स टाकून देतो. पैसे लागणार नाहीत." एका रविवारी येऊन त्याने ते काम केलं. हा लेख त्याच संगणकावर लिहितो आहे. सौ.ना अजून विश्वास नाही. "अहो, फुकट दिलंय म्हणजे काहीतरी गोम असणार," असं त्या दोनदा म्हणाल्या.

त्यांच्या या वाक्यात लिनक्सचा निम्मा इतिहास आहे. म्हणून आज तोच विषय. एवढी चांगली वस्तू तीस वर्षांहून अधिक काळ विनामूल्य मिळते आहे, तर ती घरोघरी का गेली नाही? आणि पुढे तरी जाईल का?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की ते एक संपूर्ण मुक्त संगणक प्रणाली तयार करणार. नाव ठेवलं 'ग्नू'. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी इथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने प्रणालीचा गाभा लिहून तो जगापुढे ठेवला. पुढच्या वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. या दोन गोष्टी जुळल्या आणि आपण ज्याला ढोबळपणे लिनक्स म्हणतो ते उभं राहिलं. ज्याला हवं त्याने घ्यावं, उघडून पाहावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं.

स्टॉलमन यांना एक गोष्ट आयुष्यभर समजावून सांगावी लागली. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि लोक नेमका चुकीचा घेतात. आपल्याकडे ही अडचण नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. पण गंमत अशी की शब्द दोन असूनही आपण ऐकला तो पहिलाच.

आणि फुकटाचंही आपल्याला अप्रूप नव्हतं. इथे मला एक कबुली द्यायची आहे. २००४ मध्ये मी पहिला संगणक घेतला तो सुटे भाग जोडून. जोडणाऱ्याने विंडोज टाकून दिली आणि तिचे पैसे लावले नाहीत. मीही विचारलं नाही. अर्थात ती नक्कल होती. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं बाकावर उभं केलं, आणि माझ्या टेबलावर अख्खी नक्कल चालू होती! त्या काळी घरोघरी असेच संगणक होते. मग फुकट लिनक्स आणि फुकट विंडोज यांत माणूस काय निवडणार? शेजाऱ्याला जे येतं ते. २००४ पासून उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने विनामूल्य सीडी पाठवत. माझ्या भाच्याने मागवली होती. सुंदर छापील पाकीट होतं. ते बरीच वर्षं कपाटात तसंच पडून राहिलं.

'मुक्त' म्हणजे काय ते मला फार उशिरा आणि महागात कळलं. निवृत्तीच्या आधी काही वर्षं मी १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा केल्या होत्या. रोजगार हमीची खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसं तेव्हा हयात होती. अकरा जणांचं बोलणं मी टिपून घेतलं आणि शाळेच्या संगणकावर मराठीत टंकून ठेवलं. ते मराठी सॉफ्टवेअर विकतचं होतं. संगणकाच्या मागे एक छोटं कुलूप लावलं तरच चालायचं. पुढे संगणक गेला, कुलूप हरवलं, त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती मिळेना. फाइल माझ्याकडे आहे. उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. चौघांचे छापील कागद सापडले. उरलेले सात जण आज या जगात नाहीत, आणि त्यांचं बोलणं माझ्याच घरात असून मला वाचता येत नाही. यात विंडोजचा दोष नाही, हे स्पष्ट सांगतो. दोष बंद पेटीचा. तिची किल्ली माझ्याकडे नव्हती, आणि ती नाही हे पेटीत ऐवज ठेवताना मी विचारलं नव्हतं.

एका माणसाचं असं होऊ शकतं, तर एका शहराचं काय? जर्मनीतल्या म्युनिक शहराने हा विचार वेळेवर केला. २००३ मध्ये त्यांच्या जुन्या विंडोजची मुदत संपत आली होती. सुमारे चौदा हजार संगणकांचा प्रश्न होता. महापालिका लिनक्सकडे झुकते आहे हे कळताच मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला गेले. किंमतही कमी केली. तरी मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. प्रकल्पाचं नाव 'लिमुक्स'.

प्रत्यक्ष बदल २००६ मध्ये सुरू झाला. प्रत्येक खात्याचे वेगळे अर्ज, वेगळे नमुने, वेगळ्या सवयी. हजारो नमुने नव्याने करावे लागले. घोडं लिनक्सपाशी अडलं नव्हतं, कचेरीच्या कारभारापाशी अडलं होतं. तरी २०१३ च्या अखेरीस साधारण पंधरा हजार संगणक या प्रणालीवर आले, आणि एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचं महापालिकेनेच सांगितलं. म्हणजे जिंकले की नाही?

नाही. २०१४ मध्ये महापौर बदलले. नव्यांना ही प्रणाली पसंत नव्हती. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी पुढे आल्या. बाहेरून येणारी कागदपत्रं नीट उघडत नाहीत ही त्यांतली मोठी तक्रार. शहराच्या संगणक विभागाचे प्रमुख सांगत होते की परत जाण्याइतकं सबळ तांत्रिक कारण दिसत नाही. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. दहा वर्षांची मेहनत होती ती. सगळं गाव एका भाषेत बोलत असताना एकाच घराने दुसरी भाषा किती दिवस बोलायची?

आता उलट उदाहरण, आपल्या केरळचं. तिथे २००१ च्या सुमारास शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' योजना सुरू झाली. आधी शिक्षण विंडोजवरच होतं. सरकारी शाळेत एकाच कंपनीची वस्तू का शिकवायची, असा प्रश्न तिथल्या शिक्षक संघटनेने विचारला. (हे वाचून मला स्वतःची लाज वाटली. आमच्या शाळेत हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही.) हळूहळू शाळा लिनक्सवर आल्या. राज्याने स्वतःची आवृत्ती तयार केली, त्यात मल्याळम आणली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. २०१९ पर्यंत दोन लाखांहून अधिक शालेय संगणक त्यावर होते. सरकारं बदलली, प्रणाली टिकली. कारण तिथल्या मुलाला ती 'दुसरी' वाटतच नाही. पहिली तीच पाहिली.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की मला एवढंच दिसतं. घरातला माणूस संगणक प्रणाली निवडतच नाही. डब्यात येते ती घेतो, शाळेत शिकलेली वापरतो, कचेरीत चालते ती शिकतो. खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, पण तो कुणी 'निवडला' नाही. फोनसोबत आला. तो अर्धामुर्धाच मुक्त, हेही खरं. टेबलावरच्या संगणकांत मात्र २०२४ च्या एका मोजणीत लिनक्सचा वाटा जगभरात चार टक्क्यांच्या थोडा वर होता. तेहतीस वर्षांत एवढीच मजल.

म्हणून लिनक्स घरोघरी जाईल का, याचं उत्तर लिनक्सच्या गुणांत शोधू नये. ते शाळेच्या फळ्यापाशी आणि सरकारी टेबलापाशी शोधावं. जर्मनीतल्याच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले तीस हजार संगणक मुक्त प्रणालीकडे नेण्याचं जाहीर केलं. तिथे या वेळी गाव सोबत आहे का, ते पाहायचं.

माझ्यापुरतं म्हणाल तर चौघांच्या आठवणी मी युनिकोडमध्ये पुन्हा टंकायला घेतल्या आहेत. दोन झाल्या. फाइलच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या आहेत, आणि त्या कुठल्याही संगणकावर उघडतात हे प्रत्येक ठिकाणी स्वतः उघडून पाहिलं आहे. सौ.नी काल विचारलं, "ती दुसरी फाइल, सात जणांची, ती कधी उघडणार?" त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. पण फाइल पुसलेली नाही.