डांबरातला जांभळा आणि रंगाऱ्याचं अंगण

देवगाव रंगारी या नावाच्या गावाजवळ बसून रसायनांबद्दल बोलायचं, तर सुरुवात रंगाऱ्यापासूनच करायला हवी. विषय असा आहे, की घरच्या प्रयोगशाळेत जे उरतं, त्याचं काय करायचं? मी तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवला, रसायनशास्त्र नाही. पण ‘टाकाऊ’ हा शब्द मला नेहमी खटकतो. टाकाऊपणा वस्तूत असतो, की आपल्या अज्ञानात?

रंगाऱ्याचं घर ही प्रयोगशाळाच होती. काळा रंग कसा करत, बघा. गंजलेले खिळे, मोडके नाल, लोखंडाचे तुकडे मडक्यात टाकायचे, वर गुळाचं पाणी ओतायचं आणि दोन-तीन आठवडे ठेवून द्यायचं. गूळ आंबतो, आंबट द्रव तयार होतो, लोखंड त्यात विरघळतं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं असतं. हिरड्यातलं टॅनिन आणि हे लोखंड एकत्र आले, की सुतावर पक्का काळा बसतो. त्याच हिरड्याच्या कापडाला लोखंडाऐवजी तुरटी लावली आणि आलाच्या मुळांबरोबर उकळलं, तर लाल. डाळिंब खाऊन उरलेली साल पिवळ्यासाठी. निळीचा रांजण आंबवायला दक्षिणेत तरोट्याचं बी वापरत. आपण ज्याला तण म्हणून उपटतो, तोच तरोटा! रस काढून उरलेला निळीच्या झाडांचा चोथा शेतात खत म्हणून जाई.

आता जरा लांब जाऊ, लंडनला. साल 1856, ईस्टरची सुट्टी. विल्यम हेन्री पर्किन हा 18 वर्षांचा विद्यार्थी घराच्या वरच्या मजल्यावर केलेल्या प्रयोगशाळेत क्विनाइन बनवायला बसला होता. क्विनाइन हवं होतं ते मलेरियासाठी, आणि आपल्यासारख्या देशांत राज्य करणाऱ्या साहेबाला मलेरियाची मोठी धास्ती. पर्किनचे गुरू हॉफमन यांना वाटे, की कोळशाच्या डांबरातून क्विनाइन निघू शकेल. हे डांबर कुठलं? दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढत, त्यात मागे राहणारा हा काळा, घाणेरडा चिकटा. गॅस कंपन्यांना तो नकोसा झालेला.

क्विनाइन काही निघालं नाही. मग त्याने डांबरातून मिळणाऱ्या अनिलिनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली. खाली काळा गाळ बसला. दुसऱ्या कोणी तो मोरीत ओतला असता. पर्किनने गाळ अल्कोहोलने धुतला, आणि अल्कोहोल जांभळं झालं! उरलेल्या मालातून पुन्हा उरलेला गाळ, आणि त्यात रंग. पुढची गंमत अशी, की त्याचं अनिलिन शुद्ध नव्हतं. त्यात टोल्युइडिनची भेसळ होती, आणि ती नसती तर हा जांभळा निघालाच नसता. ऑगस्ट 1856 मध्ये त्याने पेटंट घेतलं, 1857 मध्ये ग्रीनफर्डला कारखाना सुरू केला.

(मधेच सांगतो, ऐकणाऱ्यांत विद्यार्थी असतील. डायक्रोमेट आणि अनिलिन दोन्ही विषारी आहेत. पर्किनचं धाडस वाचा, घरी करू नका.)

रेशमावर हा रंग सहज चढे, सुतावर मात्र टिकेना. तिथे उपयोगी पडलं टॅनिन. म्हणजे आपल्या रंगाऱ्याच्या हिरड्यात जे होतं, तेच. सुताला टॅनिन लागतं हे आपल्याकडे हातांना माहीत होतं. ‘का लागतं’ याचा हिशेब मात्र कागदावर मांडलेला नव्हता. माझ्या मते फरक इथेच पडला. रंगाऱ्याला उरलेल्या वस्तूचा उपयोग कळत होता, पर्किननंतरच्या रसायनज्ञांना तिची घडण कळू लागली. घडण कळली, की तीच गोष्ट दुसऱ्या कशापासूनही बनवता येते.

1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान यांनी डांबरातल्या अँथ्रासीनपासून अलिझरीन बनवलं, युरोपातल्या मॅडरच्या मुळांतलं लाल द्रव्य. पुढच्या वर्षी पेटंटसाठी जर्मनांनी 25 जूनला अर्ज केला, पर्किनने 26 जूनला. एका दिवसाने मागे! 1897 मध्ये बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. आलाची बारीक मुळं खणायला जमिनीत वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्याच्यासमोर आता डब्यातला रंग उभा राहिला, स्वस्त आणि दर वेळी एकसारखा. रंगाऱ्याने तो घेतला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही पोट होतं. पण आता मडक्यात काय घडतं हे जाणण्याची गरज उरली नाही, आणि हातांतली विद्या मुलाला देण्याचं कारणही.

आणि या नव्या रंगांचं उरलेलं कुठे गेलं? ग्रीनफर्डच्या कालव्याचं पाणी त्या आठवड्यात बनणाऱ्या रंगाप्रमाणे बदलत असे, असं सांगतात. निळीचा चोथा शेत खातं. क्रोमियम शेत खात नाही.

डांबराची आणखी एक गोष्ट आपल्या घरची आहे. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. हे काम आपलंच, असं पुढे दामोदर हरी चापेकरांनी सांगितलं. डाग काही केल्या निघेना. शेवटी तो काढला त्रिभुवनदास गज्जर या रसायनज्ञाने. बडोद्याला 1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कलाभवनाशी गज्जरांचं नाव जोडलेलं आहे, आणि तिथे रंगाईचं रसायन शिकवलं जाई. पुतळाही बडोद्याच्याच खंडेराव महाराजांनी दिलेला. लोकांना गज्जर आठवतात ते डाग काढणारे म्हणून. मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. रंगाचं ‘कसं’ जाणणाऱ्या देशात ‘का’ शिकवणारी शाळा त्यांनी उभी केली. पर्किनचा जांभळा निघाल्याला तेव्हा 34 वर्षं झाली होती.

हिरडा आजही बाजारात मिळतो. कोणाच्या घरी आलाच्या किंवा निळीच्या जुन्या कृती लिहून ठेवलेल्या असतील, तर त्या मला बघायच्या आहेत. आता प्रश्न घेऊ.